हायस्कूलचा रसायनशिक्षक कोण होणार?

बारावी विज्ञानाचा निकाल लागला की भंडारा जिल्ह्यातील सुशिक्षित घरांतून एक ठरलेली वर्गवारी सुरू होते. 'नीट'मध्ये गुण मिळविणारा पहिल्या रांगेत, अभियांत्रिकीला जाणारा दुसऱ्या, औषधनिर्माणशास्त्राकडे वळणारा तिसऱ्या आणि या साऱ्यांतून उरलेला, 'साधे बी.एस्सी.' करणारा अखेरच्या. अशा वेळी एखाद्या मुलाने वा मुलीने रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळविण्याचा, पुढे बी.एड. करून हायस्कूलवर शिकविण्याचा मनोदय बोलून दाखविला, तर कौतुकाचा शब्द निघण्याऐवजी 'एवढेच जमले का?' असा प्रश्न पुढे येतो. विशेष हे की, गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात गुरुपरंपरेचा महिमा ऐकून भारावणारी घरे आणि हा प्रश्न विचारणारी घरे बहुधा एकच असतात. इतरांच्या घरचा शिक्षक वंदनीय, आपल्या घरात मात्र डॉक्टर हवा, ही आपल्या समाजाची रीत होऊन बसली आहे.

वस्तुतः रसायनशास्त्र शिकविण्यासाठी भंडाऱ्याइतका अनुकूल जिल्हा शोधून सापडणे कठीण. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी सर्वश्रुत आहेत. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइडचे खनिज कोरड्या विद्युतघटांच्या उद्योगात वापरले जाते. पदवीच्या वर्गातील विद्यार्थी ब्युरेटमध्ये जांभळे पोटॅशियम परमँगनेट भरून अनुमापनाचा प्रयोग करतो, तेव्हा हे द्रव्य ज्या खनिजापासून बनते ते आपल्याच जिल्ह्याच्या पोटात आहे, हे त्याला कोणी सांगते का? मध्य प्रांतातील मँगनीजच्या व्यवसायात संपत्ती मिळविणारे कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपले धन नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञान आणि रसायन यांच्या शिक्षणासाठी देऊन ठेवले. त्या दानातून १९४२ साली नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली, आणि २०२३ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. खाणीतून निघालेले धन ज्ञानाकडे वळविण्याची ही दृष्टी त्या काळच्या एका व्यापाऱ्याला होती. आजच्या खाणपट्ट्यातील किती शाळांत परमँगनेटची एक भरलेली बाटली आढळते, याची पाहणी कोणी तरी करावयास हवी.

भंडारा शहराची ओळख पितळी भांड्यांची. तांबे आणि जस्त यांचे हे संमिश्र. पितळी भांड्यात आंबट पदार्थ का ठेवू नये, कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर का टाकतो, कथील नेमके कशावर बसते, हे प्रश्न प्रत्येक आजीच्या स्वयंपाकघरातले आणि उत्तरे मात्र दहावीच्या धातुविज्ञानातली. जस्ताची कथा तर याहून विलक्षण आहे. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते. पण त्याच्या खनिजातून ते मोकळे व्हायला त्याहून अधिक उष्णता लागते. म्हणजे भट्टीत धातू जन्मतो तो वाफ होऊनच, आणि उघड्या भट्टीत तो हातचा निसटतो. राजस्थानातील जावर येथील आपल्या कारागिरांनी मातीच्या बंद मुशा उलट्या मांडून ही वाफ खाली थंड जागी उतरवण्याची युक्ती साधली आणि मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर जस्त काढले. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात या ऊर्ध्वपातनाचे वर्णन आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनला अशा पद्धतीचे एकस्व मिळाले ते १७३८ साली. भारतीय रसायनाच्या या वारशाचा अभिमान व्यासपीठावरून वारंवार सांगितला जातो आणि तो सांगितलाच पाहिजे. पण ज्याला उत्कलनांक म्हणजे काय ते उमगलेले नाही, त्याला जावरच्या कारागिराने काय साधले तेही उमगत नाही. त्याच्या लेखी ती एक घोषणा उरते. वारसा कळण्यासाठी आधी विषय कळावा लागतो, आणि विषय कळण्याचे वय चौदा-पंधरा वर्षांचे असते.

या जिल्ह्यात रसायन हा जीवनमरणाचाही विषय आहे. धान कापण्यापूर्वी ओल्या बांधीत फेकून पेरली जाणारी लाखोरी ही पूर्व विदर्भातील गरिबाची डाळ. तिच्या दाण्यात 'ओडॅप' नावाचे द्रव्य असते. दुष्काळात दीर्घकाळ केवळ त्याच धान्यावर राहावे लागले, तर ते पायांना पंगुत्व आणते. म्हणूनच १९६१ साली तिच्या विक्रीवर केंद्राने निर्बंध आणले. भरपूर पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी फेकून दिल्यास हे द्रव्य बरेच कमी होते, कारण ते पाण्यात विरघळते. विद्राव्यतेचा हा धडा पाठ्यपुस्तकातील मिठाच्या उदाहरणापेक्षा लाखांदूर वा पवनीच्या मुलाला अधिक नेमका समजेल. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत उतरते आणि गोसीखुर्दच्या फुगवट्यात साचते. पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन घटतो म्हणजे काय होते, हे भंडारेकरांनी आपल्या नळाच्या पाण्यावरून अनुभवले आहे. आणि जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ जण मृत्युमुखी पडले, ती जखम तर अद्याप ताजी आहे. देशाच्या संरक्षणासाठी स्फोटके बनविणाऱ्या कारखान्याच्या परिसरातील मुलांना ज्वलन आणि स्फोट यांतील भेद शाळेतच कळला पाहिजे, अशी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

हे सारे शिकवायचे कोणी? राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १' या पुस्तकातील दहा प्रकरणांपैकी चार निखळ रसायनाची आहेत: मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे. हायस्कूलमध्ये 'विज्ञान शिक्षक' हे एकच पद असते. त्या पदावरील व्यक्तीची पदवी वनस्पतिशास्त्राची असेल, प्राणिशास्त्राची असेल, कित्येकदा गणिताचीही असते. यात त्या शिक्षकाचा दोष नाही. परंतु समीकरण संतुलित करण्याची रीत फळ्यावर लिहून देणे निराळे आणि दोन्ही बाजूंचे अणू समान का असावे लागतात हे विद्यार्थ्याच्या मनात उतरविणे निराळे. दुसरे काम तोच करू शकतो, ज्याने स्वतः तीन वर्षे प्रयोगशाळेत हात भाजून घेतले आहेत.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. मराठी शाळेतील मुलगा आम्ल, आम्लारी, ऑक्सिडीकरण, क्षपण, उत्प्रेरक या शब्दांत विचार करायला शिकतो आणि अकरावीत पाऊल ठेवताच सारा विषय इंग्रजीत सुरू होतो. काल वर्गात पुढे असणारा विद्यार्थी एका उन्हाळ्यात मागे पडतो, आणि त्याची समज कमी असल्याचा निष्कर्ष काढून सारे मोकळे होतात. रसायनशास्त्राची पदवी इंग्रजीतून घेऊन पुन्हा मराठी वर्गात उभा राहणारा शिक्षक हाच या दोन काठांमधला पूल आहे. 'क्षपण' म्हणजे 'रिडक्शन' हे केवळ शब्दाला शब्द ठेवून सांगता येत नाही. संकल्पना मराठीत पक्की करून तिला पुढच्या इयत्तेचे नाव द्यावे लागते. कोणतीही खासगी शिकवणी हे काम करीत नाही. नागपूरच्या शिकवण्यांपर्यंत साठ किलोमीटर जाण्याची ऐपत असलेल्यांचे तिच्यावाचून फारसे अडतही नाही; अडते ते मोहाडी आणि साकोलीच्या शेतकऱ्याच्या मुलीचे.

मग तरुणांनी या वाटेने जावे, असा उपदेश करणे सोपे आहे. ती वाट शासनाने कशी करून ठेवली आहे, तेही सांगितले पाहिजे. बारावीनंतर तीन वर्षे बी.एस्सी., त्यावर बी.एड. पूर्वी एका वर्षाचे होते, ते २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी तरुण पात्र होतो. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, अर्थात 'टेट', द्यावयाची आणि पवित्र पोर्टलवरील निवडीची वाट पाहावयाची. ही चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी झाली २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये. २०१८ साली बी.एड. झालेल्या उमेदवाराने मधली पाच वर्षे काय करावयाचे होते? त्याआधी २ मे २०१२ च्या निर्णयाने राज्यात शिक्षकभरती थांबलेलीच होती. निवड झाली, तरी पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर. माध्यमिक शाळेत हे मानधन आठ हजार रुपये होते, ते २०२३ पासून अठरा हजार झाले. ज्या समाजाला राष्ट्रनिर्माता हवा असतो, त्याने त्या राष्ट्रनिर्मात्याला तिशीपर्यंत अर्जदार करून ठेवावे, यासारखी विटंबना नाही. नव्या शैक्षणिक धोरणातील चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रम स्वागतार्ह आहे, कारण त्यात विषय आणि अध्यापन एकत्र शिकता येते व एक वर्ष वाचते. मात्र वाचलेले वर्ष पुढे भरतीच्या प्रतीक्षेत जाणार असेल, तर त्याचा लाभ कोणाला?

यावर कळस चढविला तो भ्रष्टाचाराने. शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार २०२१ मध्ये उघड झाला आणि पुढील वर्षी सात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरविण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये नागपूर विभागातील बनावट शालार्थ ओळख क्रमांकांचे प्रकरण बाहेर आले, आणि त्याला तोंड फुटले ते भंडारा जिल्ह्यातीलच एका मुख्याध्यापकाच्या नियुक्तीवरून. कोण दोषी, हे न्यायालय ठरवील. पण प्रामाणिकपणे परीक्षा देऊन वाट पाहणाऱ्या रसायनाच्या पदवीधराच्या मनावर याचा काय परिणाम झाला असेल, याचा विचार कोणत्याही चौकशी समितीच्या कार्यकक्षेत येत नाही. मुलांना आपण सांगतो, अभ्यास करा. आणि गावात चर्चा असते, अमुक जागेचा दर काय चालला आहे. शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांत आपल्या परिचयाचे, आपल्या उठण्याबसण्यातले लोक असतात, तेव्हा ही चर्चा ऐकून आपण गप्प बसतो. हा गप्प बसण्याचा भागही गैरव्यवहाराचाच आहे.

दुसऱ्या टोकाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातील एक तरतूद चर्चेत आली. गणित आणि विज्ञान या विषयांत पस्तीसऐवजी वीस गुण मिळाले तरी पुढे जाता येईल, मात्र त्या विद्यार्थ्याला या विषयांकडे वळता येणार नाही, अशी ती कल्पना. नापासाच्या शिक्क्याने शाळा सोडणाऱ्या मुलांविषयीची कणव त्यामागे आहे, हे मान्य. तथापि, ज्या शाळेत रसायन शिकविणारा नव्हता आणि प्रयोगाचे कपाट वर्षभर उघडलेच नाही, तेथील मुलाचे वीस गुण ही त्याच्या कुवतीची मोजणी आहे की शाळेच्या उणिवेची? विज्ञानाच्या शंभर गुणांपैकी वीस प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते शाळेच्याच हाती असतात. परीक्षानळी न हाताळताही ते बहुतेकांना भरभरून मिळतात, ही गोष्ट पालकांना ठाऊक असते, शिक्षकांनाही असते.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय एडिंबरोची डॉक्टरेट १८८७ साली मिळवून नंतर परतले आणि १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात रुजू झाले. संशोधनात त्यांचे नाव झाले, 'बेंगॉल केमिकल्स' त्यांनी उभी केली, हिंदू रसायनाचा इतिहास १९०२ आणि १९०९ मध्ये दोन खंडांत लिहिला. एवढा व्याप असताना नवख्या विद्यार्थ्यांचे वर्ग घेण्यावर त्यांचा भर असे. त्यांच्या हाताखालून मेघनाद साहा, ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर यांच्यासारखी माणसे घडली. आरंभीचे वर्ग सर्वांत जाणत्याने घ्यावेत, ही आचार्यांची समजूत आपल्या व्यवस्थेने नेमकी उलटी फिरविली आहे. ज्याला दुसरे काही जमले नाही, त्याने हायस्कूलवर जावे, असे आपण ठरवून टाकले.

करता येण्याजोगे बरेच आहे, आणि सगळेच मुंबईतून यावे लागते असेही नाही. शासनाने अभियोग्यता चाचणी दरवर्षी ठराविक महिन्यात घ्यावी आणि हायस्कूलच्या विज्ञानाची जागा भरताना शाळेत रसायन-भौतिकाचा एक व जीवशास्त्राचा एक शिक्षक असेल, अशी विषयवार जाहिरात द्यावी. नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी आपल्या प्रयोगशाळा महिन्यातून एका रविवारी परिसरातील नववी-दहावीच्या मुलांसाठी उघडाव्यात. शिकवायला पदवीचेच विद्यार्थी पुरे, आणि ज्यांना पुढे शिक्षक व्हायचे आहे त्यांची ती तालीमही होईल. गावातील निवृत्त शिक्षक, आयुध निर्माणीतील आणि खाणीतील तंत्रज्ञ यांना शाळेने एक तासासाठी बोलवावे. गणेशोत्सवाच्या वर्गणीतील थोडा भाग शाळेच्या प्रयोगशाळेसाठी बाजूला काढायला कोणत्याही मंडळाला कोणाची परवानगी लागत नाही. लिटमस कागद, मीठ, चुन्याची निवळी, थोडे फिनॉल्फ्थॅलीन, पाच-पंचवीस परीक्षानळ्या आणि एक स्पिरिटचा दिवा एवढ्यावर दहावीचे निम्मे रसायन करून दाखविता येते. राहिला तो करून दाखविणारा. तो यंदा कदाचित आपल्याच घरात बारावी झाला असेल आणि प्रवेशअर्जावर रसायनशास्त्र लिहू की नको, या विचारात बसला असेल.