राजपुत्राच्या मागे कुठून निघावे?

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींनी आमच्यापुढे आपली अडचण मांडली. त्यांचा मुलगा आठवीत आहे. परीक्षा झाल्यावर त्याला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा व्हिडिओ गेम हवा आहे. मामाने पैसे देऊ केले आहेत. पण पाहावे तर या नावाचे खेळ एक नाही, दोन नाही, दहाच्या वर! आई विचारते, "पहिला घ्यावा की शेवटचा? आणि त्यात रक्तपात किती?" वडिलांचे म्हणणे असे की, पुस्तक पहिल्या पानापासून वाचतात, तसा खेळही पहिल्यापासूनच खेळावा.

प्रश्न वरवर लहान दिसतो. पण त्यात कष्टाचा पैसा आहे, मुलाची सुट्टी आहे आणि त्याहून मोठी एक गोष्ट आहे, ती पुढे येईलच. शिवाय या प्रश्नाचे चुकीचे उत्तर आम्ही स्वतः एकदा देऊन बसलो आहोत. तेव्हा आमच्या चुकीपासूनच सुरुवात करू.

आम्ही संगणक शिकलो तो एका लहानशा क्लासमध्ये. चपला बाहेर काढायच्या, दोघांत एक संगणक, आणि सर चहाला गेले की कुणीतरी फ्लॉपी सरकवायचा. पडद्यावर पांढऱ्या कपड्यातला एक तरुण तळघरात उभा राहायचा. वजीराने राजकन्येला कोंडलेले, तिला सोडवायला आपल्या हाती फक्त 60 मिनिटे. खाली सुळे, वर निसटणाऱ्या फरश्या, दारात पहारेकरी. त्या खेळावर आमचा फार जीव.

काही वर्षांपूर्वी आमचा पुतण्या सुट्टीत घरी आला. तेव्हा तो सातवीत होता. "काका, मला तुमचा तो राजपुत्राचा खेळ शिकवा," असे तोच म्हणाला. आम्हाला कोण आनंद! आम्ही तोच 1989 चा खेळ त्याला लावून दिला. पोरगा पहिल्याच मजल्यावर दहा वेळा सुळ्यांवर पडला. हळू पाऊल टाकायला एक कळ दाबून धरावी लागते, उडी मारण्यापूर्वी पावले मोजावी लागतात. आम्ही मागे उभे राहून "असे नाही, तसे नाही" चालूच ठेवले. तिसऱ्या दिवशी त्याने संगणक बंद केला. आणि आम्ही काय म्हणालो? "आजकालच्या मुलांना धीर म्हणून नाहीच." त्याचे वडील तिथेच होते. तेही म्हणाले, "याचे सगळ्याच कामात असे." मुलगा काही बोलला नाही. पुढच्या सुट्टीत तो आमच्याकडे आलाच नाही.

दोष मुलाचा नव्हता. सुरुवात चुकीच्या जागी झाली होती, आणि ती जागा आम्ही आमच्या आठवणीखातर निवडली होती. एखाद्या खेळावरून मुलाच्या कपाळी 'अर्धवट सोडणारा' असा शिक्का बसतो आणि तो शिक्का मग अभ्यासापर्यंत जातो. मोठी गोष्ट म्हटली ती हीच.

आता खेळांची माहिती घेऊ. मूळ खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने तयार केला. तो 1989 मध्ये अ‍ॅपल टू या संगणकासाठी निघाला. राजपुत्राची चाल खरी वाटावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चित्र उतरवले. संगीत त्याच्या वडिलांनी दिले. म्हणजे हा खेळ एका अर्थी घरातल्या माणसांनीच उभा केलेला आहे. संगणकाची मेमरी अपुरी पडली, नवा शत्रू काढायला जागा उरली नाही, तेव्हा त्याने राजपुत्राचीच चित्रे वापरून त्याची सावली उभी केली. शेवटाकडे ही सावली समोर येते. तिच्यावर वार केला तर जखम आपल्यालाच होते. तलवार म्यान केली तरच वाट मोकळी होते. अडचणीतून केवढी सुंदर कल्पना निघाली पाहा!

1993 मध्ये दुसरा भाग आला. 1999 मधला तिसरा प्रयत्न फसला. मग 2003 मध्ये युबिसॉफ्ट कंपनीच्या मॉन्ट्रियल येथील स्टुडिओने 'द सँड्स ऑफ टाइम' काढला. त्याची कथा मेकनरनेच लिहिली. यात राजपुत्राच्या हाती एक खंजीर असतो. चूक झाली, दरीत पडलो, की खंजिरातली वाळू खर्चून काळ काही क्षण मागे नेता येतो आणि तीच उडी पुन्हा मारता येते. सोबत फराह नावाची धनुर्धारी राजकन्या आहे. ती केवळ सोडवून आणण्याची वस्तू नाही. तीही लढते, भिंतीच्या फटीतून शिरते, राजपुत्राला चार शब्द सुनावते.

2004 चा 'वॉरियर विदिन' आणि 2005 चा 'द टू थ्रोन्स' हे त्याचेच पुढचे भाग. पण येथे आई-वडिलांनी थांबावे. 'वॉरियर विदिन' मध्ये रक्तपात बराच आहे. ईएसआरबी ही अमेरिकेतील संस्था खेळांचे वयोगट ठरवते. तिने हे दोन्ही खेळ 17 वर्षे व त्यावरील वयासाठी ठरवले आहेत. 'सँड्स ऑफ टाइम' मात्र 13 वर्षांपासून पुढे चालतो. एकाच नावाखाली, एकाच कथेत हा फरक आहे, म्हणून नाव पाहून खेळ घेऊ नये.

2008 च्या खेळात कथा आणि राजपुत्र दोन्ही नवे. त्यात आपण पडलो की एलिका नावाची सोबतीण हात देऊन वर खेचते, त्यामुळे अगदी नवख्यालाही तो जमतो. 2010 चा 'द फरगॉटन सँड्स' हा 2003 आणि 2004 च्या कथांच्या मध्ये बसणारा आहे. त्याने सुरुवात करण्याचे कारण नाही.

जानेवारी 2024 मध्ये 'द लॉस्ट क्राउन' आला. गंमत अशी की यात आपण राजपुत्र नसतो. सारगॉन नावाचा एक तरुण योद्धा पळवून नेलेल्या राजपुत्राच्या शोधात काफ पर्वतावर जातो. मागच्या कथा माहीत असण्याची काहीच गरज नाही. अवघडपणा कमी-जास्त करता येतो. पुढे कुठे जायचे ते नकाशावर दाखवण्याची सोय आहे. न उघडणारे दार दिसले तर त्या जागेचे चित्र नकाशावर टाचून ठेवता येते, म्हणजे नंतर परत येता येते. लढाया आहेतच, पण यालाही 13 वर्षांपुढचाच वयोगट दिलेला आहे. 2025 मध्ये तो मोबाइलवरही आला, आणि तेथे सुरुवातीचा भाग फुकट खेळून मगच पैसे भरायचे की नाही ते ठरवता येते. खर्चाचा विचार करणाऱ्या घराला ही सोय मोलाची.

त्याच वर्षी 'द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया' पूर्ण होऊन निघाला. त्यात मेले की पुन्हा आरंभापासून निघायचे असते. तो सवयीच्या हाताने खेळावा.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने घडवण्याचे काम 2020 मध्ये जाहीर झाले, ते याच कंपनीच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे होते. आपल्या मुलामुलींच्या हातचा राजपुत्र पाहायला मिळणार म्हणून आम्हाला अभिमान वाटला होता. पण खेळ लांबला आणि 2022 मध्ये ते काम मॉन्ट्रियलकडे गेले. पुढे 2026 मध्ये कंपनीने तो खेळ रद्दच केला. तेव्हा त्याची वाट पाहू नये, एवढेच.

तर भगिनींना आमचे उत्तर असे. आठवीच्या मुलाने 'लॉस्ट क्राउन' पासून निघावे. आधी मोबाइलवर फुकटचा भाग खेळू द्या. आठवडाभर गोडी टिकली तर मामाचे पैसे खर्चा. ज्याला कथा आवडते, ज्याच्या घरी जुना संगणक आहे आणि थोडी खटपट करण्याची तयारी आहे, त्याने 2003 च्या 'सँड्स ऑफ टाइम' पासून. अगदीच नवखा हात असेल तर 2008 चा. 1989 चा खेळ शेवटी ठेवावा. नव्या खेळाची गोडी लागली की मुलगा स्वतःच विचारतो, हे सगळे सुरू कुठून झाले? तेव्हा तो दाखवावा.

वडिलांनाही एक विनंती. पुस्तकाचे पहिले पान वाचकासाठीच लिहिलेले असते. 1989 चा खेळ 1989 च्या हातांसाठी लिहिलेला आहे. शाळेतही आपण मुलाला आधी आजची भाषा शिकवतो, जुनी मराठी मागाहून येते. तसेच हे. आणि मुलगा खेळत असताना मागे उभे राहू नका, शेजारी बसा. तोंडाने कमी बोला. हे आम्ही चुकून शिकलो आहोत.

आमच्या पुतण्याचे काय झाले? गेल्या दिवाळीत आम्हीच त्याच्या घरी गेलो. आता तो अकरावीत आहे. आम्ही त्याला सरळ सांगितले, "त्या वेळी चूक आमची होती, तुझी नाही." तो जरा गोंधळला, मग हसला. संध्याकाळी त्याने 'लॉस्ट क्राउन' लावला आणि खेळ आमच्या हाती दिला. पहिल्याच लढाईत आम्ही तीनदा पडलो. तो मागे उभा राहिला नाही, शेजारी बसला. "काका, घाई नाही," एवढेच म्हणाला.

चौथ्या वेळी आम्ही पार झालो. रात्री जेवताना त्यानेच विषय काढला, "तो सावलीवाला जुना खेळ अजून आहे का हो तुमच्याकडे?"

येत्या सुट्टीत तो येणार आहे.