आदिवासींच्या देवांची नोंद

२०११ च्या जनगणनेत आपला धर्म 'सरना' आहे असे ४९ लाख ५७ हजार लोकांनी सांगितले. त्याच गणनेत जैनांची संख्या ४४ लाख ५१ हजार भरली. जैन धर्माला गणनेच्या तक्त्यात स्वतःचा क्रमांक आहे, सरना धर्माला नाही. तो 'इतर धर्म व पंथ' या सदरात टाकला जातो. गोंडी धर्म सांगणारे दहा लाखांवर लोक, अरुणाचलातील दोनी-पोलोचे उपासक, मणिपुरातील सनामही मानणारे, एवढेच काय पण पारशीदेखील याच अडगळीच्या खोलीत बसविलेले आहेत. देशात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १० कोटी ४३ लाख. पैकी बहुसंख्यांची नोंद 'हिंदू' म्हणून झाली. ती त्यांनी सांगून झाली की लिहिणाऱ्याने गृहीत धरून केली, हाच वादाचा मुद्दा आहे.

जून २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे आणि या गणनेत जातींची मोजणीही व्हावयाची आहे. जातीचा रकाना मिळावा म्हणून समाजवादी चळवळीने अनेक दशके आग्रह धरला. धर्माच्या रकान्याविषयी मात्र कार्यकर्त्यांच्या मनात संकोच आढळतो. देवधर्माच्या भांडणात समाजवाद्यांनी कशाला पडावे, असा प्रश्न शिबिरांतून विचारला जातो. प्रश्न प्रामाणिक आहे, परंतु तो विचारताना आदिवासींचा धर्म म्हणजे काय, याची माहिती प्रश्नकर्त्याजवळ बहुधा नसते.

ज्याला सरना म्हणतात ते कोणतेही मंदिर नव्हे. ती गावाजवळ न तोडता राखलेली सालवृक्षांची राई. संताळांत तिला जाहेरथान म्हणतात. मुंडांचा सिंगबोंगा, संताळांचा मरांग बुरू, उरांवांचा धर्मेश यांना मूर्ती नाही, ग्रंथ नाही, प्रेषित नाही. चैत्रात सालाला फुले आली की सरहुल होतो. गावचा पाहन मातीच्या घागरींत पाणी भरून सरनास्थळी ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी पाहून त्या वर्षीच्या पावसाचे अनुमान सांगतो. उरांवांच्या समजुतीप्रमाणे त्या दिवशी सूर्य आणि धरती यांचे लग्न लागते. लग्न लागेपर्यंत नवी फुले, नवी फळे घरात आणावयाची नाहीत, असा दंडक. म्हणजे काय, तर शेतीच्या आणि रानातल्या वेचणीच्या वर्षाचे वेळापत्रकच येथे धर्म झाले आहे. पाहनाला त्या कामापोटी गावाने जमीन लावून दिलेली असते. ती कसून तो पोट भरतो. दक्षिणेवर जगणारा पुरोहितवर्ग या धर्माने निर्माण केला नाही, ही गोष्ट समाजवाद्यांनी तरी नजरेआड करू नये.

महाराष्ट्राला यासाठी छोटानागपूरपर्यंत जाण्याचीही गरज नाही. डहाणू-तलासरीकडील वारल्यांच्या लग्नात सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी येते, आणि लग्न लावते ती धवलेरी. ती बाई असते. संस्कृत मंत्र तेथे नसतो. गोंडांच्या कथेत पारी कुपार लिंगोने गुहेत कोंडलेली मुले सोडविली. ती गुहा म्हणून सालेकसा तालुक्यातील कचारगडला माघ पौर्णिमेस लाखो लोक जमतात. चार देवांचे, पाच देवांचे, सहा, सात देवांचे अशी गोंडांची विभागणी असते आणि समान संख्येच्या देवांच्या घराण्यांत सोयरीक होत नाही. या कथांना भाबड्या म्हणणाऱ्यांनी आपल्या घरच्या पुराणकथा त्याच काट्यावर तोलून पाहाव्यात. वारल्यांचा चौक आता चहाच्या कपांवर, साड्यांवर आणि विमानतळांच्या भिंतींवर दिसतो. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, याचा आनंद सर्वांनाच झाला. पण बाजारात गेलेल्या चौकात बहुतेक वेळा पालघट नसते. नक्षी उचलली आणि देवी मागे ठेवली, असा हा व्यवहार आहे.

हा धर्म मोजावयाचा कसा, याविषयी सत्ताधाऱ्यांचे मत सोयीप्रमाणे बदलत आले. ब्रिटिश अमदानीतील खानेसुमारीत त्याला कधी 'मूळ रहिवाशांचा', कधी 'जडप्राणवादी', तर कधी 'जमातींचा' धर्म म्हटले गेले. नावे साहेबी अहंकाराची होती, पण रकाना होता. १९४३ मध्ये मुंबई विद्यापीठातील डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी आदिवासी म्हणजे 'मागासलेले हिंदू' असा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. त्यांचा रोख व्हेरियर एल्विन यांच्यावर होता. बैगांमध्ये राहून लिहिणाऱ्या एल्विन यांनी आदिवासींना बाहेरच्यांच्या आक्रमणापासून वेगळे राखावे असे सुचविले होते. घुर्यांची भूमिका त्या काळाच्या संदर्भात समजून घेता येते. फाळणीची छाया पडलेल्या देशात वेगळेपणाची प्रत्येक नोंद ही राज्यकर्त्यांच्या फोडाफोडीची खूण वाटत होती, आणि राष्ट्रीय चळवळीतील समाजवादीही या भीतीपासून मुक्त नव्हते. परंतु भीतीच्या काळात घेतलेली भूमिका स्वातंत्र्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत पुन्हा तपासली गेली नाही, हा दोष घुर्यांचा नव्हे. 'आदिवासी' हा शब्द टाळून 'वनवासी' म्हणणाऱ्यांनी तीच भूमिका उचलून तिचे संघटन केले. १९५२ साली जशपूरला सुरू झालेले त्यांचे काम आज देशभर पसरले आहे.

गंमत अशी की कायद्याने हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडविलेला आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा यांच्या दुसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, केंद्र सरकारने अधिसूचना काढून अन्यथा ठरविल्याशिवाय हे कायदे अनुसूचित जमातींना लागू नाहीत. म्हणजे लग्न करताना आणि मरताना आदिवासी हिंदू नाही. तो हिंदू होतो फक्त मोजताना.

आणि मोजणीचा संबंध जमिनीशी कसा पोचतो, ते नियामगिरीने दाखविले. ओडिशातील रायगडा आणि कालाहांडी या जिल्ह्यांच्या सीमेवरील त्या डोंगराच्या माथ्यावर बॉक्साइट आहे आणि पायथ्याशी लांजीगडला वेदान्त कंपनीचा अॅल्युमिना शुद्धीकरणाचा कारखाना. डोंगरिया कोंधांच्या लेखी तो माथा म्हणजे नियामराजाचे ठाणे. झरे, फळबाग, जातीचे नियम सारे त्याने दिलेले. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय दिला की, वनाधिकार कायद्याखाली आणि घटनेतील धर्मस्वातंत्र्याच्या कलमांखाली लोकांचे हक्क येथे गुंतलेले आहेत, तेव्हा खाणीने त्यांच्या उपासनेला बाध येतो की नाही याचा विचार ग्रामसभांनी करावा. राज्य सरकारने ग्रामसभा निवडल्या अवघ्या १२. जिल्हा न्यायाधीशांच्या देखत त्या बाराही सभांनी खाण नाकारली. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रानेही परवानगी नाकारली. ज्या देवाला सरकारी तक्त्यात जागा नव्हती, त्याच्या नावाने केलेला दावा न्यायालयात टिकला, तो ग्रामसभांमुळे.

महाराष्ट्रात असे घडले नाही. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकुरदेव आहे आणि दरसाल तेथे परिसरातील गावे यात्रेला जमतात. त्याच डोंगरात लोहखनिज आहे. २००७ मध्ये खाणपट्टा दिला गेला. इलाख्यातील ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, तरी खनिज बाहेर पडू लागले. नव्या खाणींविरुद्ध तोडगट्टा येथे मार्च २०२३ पासून आठ महिन्यांहून अधिक काळ चाललेले धरणे त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पोलिसांनी मोडून काढले. पेसा कायदा १९९६ चा, वनाधिकार कायदा २००६ चा. दोन्ही कायदे संसदेत मंजूर करून घेण्यासाठी झटलेल्या मंडळींना गडचिरोलीत ते पोलिसांच्या काठीपुढे हतबल होताना पाहावे लागले. ठाकुरदेव खाणीला आड येतो, म्हणून तो मोजावयाचा नाही, असा हिशेब कोणी उघड बोलून दाखवीत नाही.

मात्र यावरून आदिवासींचा धर्म म्हणजे निसर्गाचे शुद्ध काव्य, असे मानण्याची शहरी फॅशन आहे, तिच्यापासून कार्यकर्त्यांनी दूर राहिलेले बरे. नियामगिरीची शेवटची ग्रामसभा आणि पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून, या दोन्ही गोष्टी ऑगस्ट २०१३ च्या एकाच आठवड्यातल्या. दाभोलकर ज्या कायद्यासाठी झगडले तो त्याच वर्षअखेर विधिमंडळाने संमत केला, आणि एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणे हा त्यातील गुन्हा आहे. सातपुड्यात डाकीण ठरवून बाईला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. पुष्कळदा मागे विधवेच्या जमिनीचा तंटा असतो. हाही त्याच श्रद्धाव्यवस्थेचा भाग आहे. मुलीला वारसा नाकारणारी रूढीही तिच्यातलीच. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आईचा वाटा तिच्या वारसांना दिला, तेव्हा रूढीच्या नावाने स्त्रीला वगळणे समतेच्या तत्त्वात बसत नाही असेच सांगितले. गोदावरी परुळेकरांनी १९४५ मध्ये वारल्यांना उठविले तेव्हा वेठबिगारीबरोबरच लग्नगड्याची पद्धतही त्यांच्यासमोर होती. लग्नविधीच्या खर्चासाठी सावकाराकडून घेतलेले कर्ज फेडताना नवरा आणि नवरी दोघेही त्याचे गुलाम होत. पालघट देवीच्या साक्षीने लागलेल्या लग्नाची ही दुसरी बाजू. किसान सभेने चौक पुसा असे सांगितले नाही. सावकाराचे काम करू नका असे सांगितले, आणि ते वारल्यांना समजले.

शिवाय हा धर्म आतून बदलत आला आहे, हे त्याचे वाली म्हणविणारेही विसरतात. बिरसा मुंडांनी अनेक बोंगांची पूजा आणि बळी सोडून एका देवाला मानण्यास सांगितले आणि त्याच श्वासात जमिनीवरील हक्काचा पुकारा केला. १९०० साली ते तुरुंगात वारले. १९०८ चा छोटानागपूर कूळकायदा त्या उठावाच्या पाठोपाठ आला. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली सलाबाई देवी लोकांच्या अंगात येत दक्षिण गुजरातेत पसरली. दारू सोडा, स्वच्छ राहा, दारू विकणाऱ्या पारशी जमीनदारांकडे कामाला जाऊ नका, अशा तिच्या आज्ञा होत्या. अंगात येणे म्हणजे अंधश्रद्धा, येथेच जो थांबेल त्याला तो बहिष्कार दिसणार नाही. शहाद्याच्या श्रमिक संघटनेच्या लढ्यात पुढे असलेले अंबरसिंग महाराज मुळात भजनी होते, हे महाराष्ट्रातील जुन्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

तेव्हा भूमिका घ्यावयाची ती कोणती? झारखंड विधानसभेने ११ नोव्हेंबर २०२० रोजी सरना आदिवासी धर्मासाठी स्वतंत्र क्रमांकाचा ठराव एकमताने केला. या मागणीला पाठिंबा द्यावयास हवा. एकच नाव सर्वांवर लादावे म्हणून नव्हे. गोंडाला सरना म्हणावेसे वाटणार नाही, भिल्लाला आणखी काही म्हणावेसे वाटेल, आणि हा मतभेद त्यांचा त्यांनी मिटवावयाचा आहे. त्याचबरोबर ख्रिस्ती झालेल्या आदिवासीला जमातीच्या यादीतून काढण्याची मागणी, जी कार्तिक उरांव यांनी पूर्वी लोकसभेत लावून धरली आणि जिच्यासाठी आज मोठमोठे मेळावे भरविले जातात, तिला विरोध केला पाहिजे. अनुसूचित जमातीचा दर्जा घटनेने धर्मावर ठरविलेला नाही. जमीन गेली ती चर्चमध्ये जाणाऱ्याचीही गेली आणि ठाकुरदेवाला जाणाऱ्याचीही. डाकीण-प्रथेविरुद्ध बोलताना मात्र हाच पाठिंबा आड येऊ देता कामा नये. ज्या पाड्यावर रकान्यासाठी सभा घ्यावयाची त्याच पाड्यावर त्या विधवेचा सातबारा तपासावयाचा आहे.

२०११ च्या गणनेतील सूचना अशी होती की, सहा धर्मांचे क्रमांक लिहावेत आणि अन्य कोणताही धर्म सांगितल्यास त्याचे नाव सांगितल्याप्रमाणे पूर्ण लिहावे. प्रगणकाने न विचारता 'हिंदू' लिहिल्याची तक्रार तेव्हाही होती. पालघर, नंदुरबार, गडचिरोली, गोंदिया येथील शाखांनी ही सूचना आणि नव्या गणनेची प्रश्नावली पाड्यापाड्यांवर वाचून दाखवावी. प्रगणक दाराशी येईल तेव्हा घरच्या माणसाने आपले उत्तर स्वतः सांगावे आणि लिहिलेले वाचून दाखविण्यास सांगावे.