तोफ मोजता, मग दारूचा दाणा का नाही?

१/५ रत्नागिरी जिल्ह्यातील जलदुर्गांवर जाणारे इतिहासप्रेमी तोफांची लांबी मोजतात, तोंडाचा व्यास टिपून घेतात. माझ्या मते तेवढ्याने तोफेचे बळ कळत नाही. त्यासाठी दारूचा विचार करावा लागतो.

२/५ सोरा, गंधक व कोळसा यांची नुसती पूड प्रवासात हिंदकळून तिचे घटक वेगळे होतात. ओलही ती लवकर धरते. तिचे दाणे केले की घटक एकत्र राहतात आणि दाण्यांमधल्या फटींतून ज्वाला झपाट्याने पसरते.

३/५ बारीक दाणा चटकन जळतो. तो बंदुकीला साजतो. तोच मोठ्या तोफेत भरला तर दाब एकाएकी वाढून नळी फुटण्याचे भय. म्हणून तोफेला जाड दाणा. तिच्या कानावरील रंजकेला मात्र अगदी बारीक दारू.

४/५ कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत हा दाणा कोरडा राखणे हे दुर्गरक्षणाचे मोठे अंग होते. दारू वस्तीपासून दूर ठेवावी, ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावले आहे.

५/५ एप्रिल १७५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कमोडोर विल्यम जेम्स याच्या माऱ्यात हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाचे दारूकोठार उडाले आणि आंग्र्यांचा हा बळकट दुर्ग थोड्याच दिवसांत पडला. तटावरील तोफा त्याला वाचवू शकल्या नाहीत. म्हणून मित्रहो, पुढील दुर्गभेटीत तोफेआधी दारूकोठाराची जागा शोधा.