वजनदार माणसे

दिवाळी अंकासाठी मजकूर मागताना संपादकांनी यंदा दोनच ओळी लिहिल्या. त्यांतली एक अशी : "या खेपेला काहीतरी वजनदार येऊ द्या." संपादकांचा शब्द मोडू नये. तेव्हा वजनाविषयीच लिहितो. काट्यावर उभी राहिली की काटा कुरकुरतो, अशा माणसांविषयी.

मी राहतो ते कुंडल. गाव होते तिथेच आहे, पण पत्ता बदलत गेला. आधी औंध संस्थान, ते १९४८ साली विलीन झाल्यावर पुढे दक्षिण सातारा, आणि १९६० पासून सांगली जिल्हा. एकाच घरात जन्मलेल्या आजोबा, मुलगा आणि नातू यांचे जिल्हे निराळे! औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे भक्त. स्वतः घालीत आणि शाळेतल्या पोरांनाही घालायला लावीत. त्यामुळे घाम गाळणे ही आमच्याकडे सरकारी कामासारखी रीतसर गोष्ट होऊन बसली. बाहेरच्या लोकांना कुंडल ठाऊक आहे ते दोन कारणांनी. एक प्रतिसरकार, दुसरे कुस्तीचे मैदान. पहिल्यावर पुस्तके झाली. दुसऱ्यावर आम्ही बाराही महिने बोलत असतो, म्हणून कुणी पुस्तक लिहायला बसत नसावे.

मैदान ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हलगी वाजू लागली की म्हाताऱ्यांच्या पाठी आपोआप ताठ होतात. दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या. पूर्वी त्या रेवड्यांवर लागत, आता नोटांवर लागतात. मग जोडी चढत जाते, इनाम चढत जाते आणि दिवस मावळायच्या सुमारास एक नंबरची कुस्ती सुटते. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती अशी मुरवलेली असते की मूठभर उचलून हुंगावी. जोडी लावायची ती नजरेच्या काट्यावर. हा त्याला तोलाचा आहे की नाही, हे वस्ताद मंडळी दोघांच्या मांड्यांकडे आणि मानेकडे पाहून ठरवतात. गुण नाहीत, शिट्टी नाही. पाठीला माती लागली की कुस्ती झाली. आणि ती लागली की नाही हे पंचांच्या आधी मागच्या रांगेतला, चष्मा घरी विसरून आलेला गृहस्थ ओरडून सांगतो.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या आळीत एक घर आहे. घरातले म्हातारे नामांकित नव्हेत, पण हाडाचे वस्ताद. वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्यांचा मुलगा शेती करतो आणि नातू कुस्ती करतो. नातू एकोणीस वर्षांचा, वजन एकशे आठ किलो. हा माझा विद्यार्थी नव्हे, पण त्याचा बाप माझ्या हाताखाली शिकला. तो परवा आला आणि म्हणाला, "मास्तर, एक विचारायचं हुतं. पोराला मातीतच ठिवू, का गादीवर घालू?"

शहरातल्या वाचकाला हा प्रश्न हलका वाटेल. पण जड गडी पोसणे म्हणजे काय हे ज्याच्या दारात म्हैस आहे त्यालाच कळते. दूध, तूप, बदाम, मटण. हलक्या वजनाचा मल्ल भाकरीवर भागवतो. शंभर किलोच्या वरच्याचा खुराक म्हणजे घरात रोज एक जावई जेवायला. पूर्वी हा भार राजे उचलीत. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ साली खासबागेचे मैदान बांधले आणि मल्लांना पदरी ठेवले. राजे गेले, मग सहकारी कारखाने आले. पण घरचा दाणागोटा संपतच राहतो. मातीतला पोरगा एका हंगामात पाच-पंचवीस मैदाने मारून खुराकाचे पैसे काढतो. गादीवरचा पोरगा वर्षानुवर्षे पदकाची वाट पाहतो. पदक आले तर नोकरीही येईल. न आले तर एकशे आठ किलोचा तरुण आणि रिकामा डबा.

आजोबांचे मत पक्के होते. म्हणाले, "गादीवर घालायचा असंल तर घाला. पण त्यो एक परकार हाय बघा, कमरंच्या खाली हात लावायचा न्हाई म्हणत्यात, त्यात न्हाई घालायचा. पटाला हात घालायचा न्हाई, टांग मारायची न्हाई, मग काय मिठ्या मारत बसायचं? ती त्या जिबिस्कोची कुस्ती!"

हा 'जिबिस्को' म्हणजे पोलंडचा जगप्रसिद्ध जड मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को. आमच्या भागात जुन्या माणसांना पोलंड नकाशावर दाखवता येणार नाही, पण झिबिस्को ठाऊक आहे; कारण तो आमच्या गामाशी लढला. १९१० च्या सप्टेंबरात लंडनला दोघांची गाठ पडली. गामाने त्याला पहिल्याच झपाट्यात खाली घेतला, आणि मग हा पठ्ठ्या पालथा पडून राहिला तो अडीच तासांहून अधिक वेळ! गामा उलटवतो आहे, हा उलटत नाही. कुस्ती बरोबरीत सोडली. पुढल्या आठवड्याला फेरकुस्ती ठरली, तर झिबिस्को आलाच नाही आणि 'जॉन बुल' पट्टा गामाला मिळाला. १९२८ साली पतियाळाला पुन्हा सामना झाला. दोघेही पन्नाशीच्या उंबऱ्यावर. या वेळी मातीत, आणि मिनिटभरात पोलंडची पाठ जमिनीला लागली. ही हकीकत आमच्या आजोबांना अशी पाठ आहे की ऐकताना वाटावे, हे पतियाळात पहिल्या रांगेत होते.

पण झिबिस्कोवर मला थोडा अन्याय झाल्यासारखा वाटतो. १९१० साली पोलंड नावाचे स्वतंत्र राष्ट्रच नव्हते. तिघा बादशहांनी ते वाटून घेतले होते. म्हणजे लंडनच्या त्या गादीवर साहेबांच्या समोर पारतंत्र्यातले दोन गडी एकमेकांना रगडत होते! शिवाय हा नुसता पालथा पडणारा मनुष्य नव्हे. १९२१ साली अमेरिकेत 'स्ट्रँगलर' ल्यूइससारख्या मल्लाला हरवून तो जागतिक विजेता झाला. तिकडच्या धंद्यात नुराकुस्त्या बोकाळल्या होत्या. १९२५ साली वेन मन नावाच्या फुटबॉल खेळाडूला जगज्जेता म्हणून मिरवायचे होते आणि झिबिस्कोने मुकाट पडायचे असे ठरले होते. झिबिस्कोने आखाड्यात उतरल्यावर लुटुपुटीची कुस्ती खरी केली आणि त्या जगज्जेत्याला भर सभेत चीत केले! म्हातारपणी, १९५० साली, 'नाइट अँड द सिटी' नावाच्या चित्रपटात त्याने एका वृद्ध मल्लाचे काम केले. त्या मल्लाचा अभिमानाचा विषय कोणता? तर तीच ग्रीको-रोमन कुस्ती, कमरेच्या खाली हात न लावायची.

मी आजोबांना एवढेच विचारले, "वस्ताद, गणपतराव आंदळकरांना मानता की नाही?"

म्हातारे दुखावले. "असं काय इचारता मास्तर? देवमाणूस."

मानणारच. आंदळकर आमच्याच जिल्ह्यातले, शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. जन्म १९३५ चा. तरुणपणी कोल्हापूर गाठले आणि तिथल्या मातीत अंग घडवले. १९५९ साली श्रीपती खंचनाळ्यांनी हिंदकेसरीची गदा महाराष्ट्रात आणली होती. पुढच्याच वर्षी, १९६० साली, आंदळकरांनी पंजाबच्या खडकसिंगाला पाडून ती पुन्हा जिंकली. (त्याच वर्षी तिकडे लाहोरात गामा वारला. शेवटची वर्षे आजारपणात आणि ओढाताणीत गेली. जड माणसाला म्हातारपणही जडच जाते.) आमच्याकडे आंदळकर म्हटले की खडकसिंगाची कुस्ती निघते. तिची वर्णने करताना माणसे जेवण विसरतात.

पण १९६२ साली जाकार्त्याला काय झाले ते कुणी सांगत नाही. आशियाई खेळांना भारताचे मल्ल गेले, त्यांत सत्त्याण्णव किलोच्या गटात कवठेपिरानचे मारुती माने आणि त्यावरच्या गटात आंदळकर. दोघांनीही दोन्ही प्रकार लढवले. मारुतरावांना फ्रीस्टाइलमध्ये सोने आणि ग्रीको-रोमनमध्ये चांदी. आंदळकरांचे नेमके उलटे : फ्रीस्टाइलमध्ये चांदी आणि ग्रीको-रोमनमध्ये सोने. एका जिल्ह्याच्या दोन गड्यांनी चार पदके आणली. जिल्ह्याचे 'सांगली' हे नाव पडून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती!

त्या ग्रीको-रोमनच्या सोन्यापाशी मी नेहमी अडतो. मातीतल्या मल्लाची निम्मी विद्या कमरेच्या खाली असते. पट काढणे, टांग मारणे, एकलंगी भरणे, हे सगळे तिथे बंद. लहानपणापासून हाताला लागलेली सवय ऐन झटापटीत दाबून धरायची, कारण हात चुकून मांडीकडे गेला की पंचाची शिट्टी. उरते काय, तर मान, खांदे, छाती आणि कमरेची पकड. धोबीपछाडीसारख्या डावाला हरकत नाही, पण पाय अडकवायचा नाही. त्यात माती नाही, म्हणजे पाय रुततही नाही. बूट घालून गादीवर उभे राहायचे आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचे. सत्तावीस वर्षांचा, हिंदकेसरी झालेला, मैदानात लाखभर डोळ्यांनी पाहिलेला माणूस. त्याने इथे थांबायला हरकत नव्हती. मैदाने होती, इनामे होती, फेटे होते. तरी आपली निम्मी विद्या बाजूला ठेवून ते परक्या नियमांत उतरले. उरलेल्या निम्म्या विद्येवर आशिया जिंकला. माझ्या मते खडकसिंगाच्या कुस्तीपेक्षा हे काम अवघड होते. गावात हे बोललो तर वाद होतो, म्हणून छापून टाकतो.

जड गटाची आणखी एक गोम आहे. हलक्या मल्लाला काटा सांभाळतो. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ जिंकले, तेव्हा त्यांच्यापुढे त्यांच्याच वजनाचा गडी येणार ही खात्री होती. सर्वांत वरच्या गटाला त्या काळी वरून झाकण नव्हते. सत्त्याण्णवच्या पुढे समोर कितीही मोठा डोंगर येवो. १९६४ साली आंदळकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ते टोकियोच्या ऑलिंपिकात उतरले, तिथे पदक मिळाले नाही. ग्रीको-रोमनच्या त्या गटात सोने नेले ते हंगेरीच्या इश्तवान कोझ्माने. जवळजवळ साडेसहा फूट उंची आणि एकशे चाळीस किलोंच्या आसपास वजन. चार वर्षांनी मेक्सिकोतही त्यानेच नेले. अशा माणसासमोर उभे राहायला पुनवतहून जायचे म्हणजे थट्टा नव्हे.

पुढे आंदळकर मोतीबाग तालमीत वस्ताद झाले. जड मल्लाचा खुराक बंद झाला की शरीर त्याच्यावर उलटते, मन रिकामे होते. त्यांनी ते रिकामे होऊ दिले नाही. त्यांच्या हाताखालचे दादू चौगुले १९७० आणि १९७१ ला महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७४ साली क्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल खेळांत जड गटात चांदी घेऊन आले, गादीवर. गुरू २०१८ च्या सप्टेंबरात गेले, शिष्य पुढल्या वर्षी ऑक्टोबरात.

हे सगळे मी त्या ओसरीवर सांगितले. बाप ऐकत होता, नातू जमिनीकडे पाहत होता. आजोबांनी मध्येच हात वर केला. "आंदळकरांचं सोनं त्या परकारातलं हाय? मिठ्या मारायच्या?"

"त्यातलंच."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग नातवाला म्हणाले, "ऊठ रं." तो उठला. म्हातारे त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले, दोन्ही हात त्याच्या छातीभोवती घातले, पुरते पोचले नाहीत म्हणून पुन्हा घातले, आणि कान त्याच्या पाठीला लावून विचारू लागले, "आता हितनं पाय न लावता मला फिरीव बघू. सावकाश. आधी खांदा कुठला जाईल?"

बापाने माझ्याकडे पाहिले. त्याचा खरा प्रश्न खुराकाच्या पैशांचा होता, आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवसापासून पोरगा सकाळी किर्लोस्करवाडी स्टेशनावरून गाडी धरून गादीच्या सरावाला जाऊ लागला आहे. संध्याकाळी मातीतच असतो, कारण हंगाम तोंडावर आहे आणि म्हशीची पेंड महागली आहे.