छेद कोणाच्या हातात?

जनगणना जवळ आली की सीमाभागात एकच हाक ऐकू येते : मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’च लिहा! लिहिलेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण आम्ही बँकेत वीस-वीस वर्षे आकड्यांच्या संगतीत काढलेली माणसे. आम्हाला विचाराल तर सांगू की टक्केवारी नुसत्या अंशावर ठरत नसते, खाली छेदही लागतो. अंश आपण भरतो, घरी बसून, प्रगणकासमोर. छेद मात्र आपल्याला न विचारता, नकाशावर रेघ मारून ठरवला जातो. आणि त्या रेघेबद्दल आपल्या सभांतून चकार शब्द निघत नाही.

समजा, शेजारशेजारची चार गावे आहेत, प्रत्येकी हजार वस्तीची. एकात सातशे मराठी, उरलेल्या तिन्हींत शंभर-शंभर. पहिले गाव एकटे मोजले तर मराठी सत्तर टक्के. चारी गावे एका चौकटीत टाकली की पंचवीस टक्के. एकही माणूस हलला नाही, एकानेही भाषा सोडली नाही, तरी बहुसंख्य होते ते अल्पसंख्य झाले.

आपल्या बाबतीत १९५६ पासून हेच चालले आहे. फाजल अली आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला. कारण काय, तर कारभाराची सोय. ठीक. मग बेळगाव जिल्हा म्हैसूरला देताना त्याच पुनर्रचना कायद्यात ‘चंदगड तालुका वगळून’ हे शब्द कसे आले? चंदगडसाठी जिल्हा मोडता येतो आणि खानापूरसाठी मोडता येत नाही, याला तत्त्व म्हणत नाहीत. पुढे आंध्र-मद्रास वादात पाटसकरांनी गाव हा घटक, सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही कसोटी लावली, आणि १९५९ च्या कायद्याने त्या सीमा बदलल्याही. आपली मागणी याहून वेगळी कधी नव्हती. महाजन आयोगाने १९६७ साली २६४ गावे महाराष्ट्राला देऊ केली आणि बेळगाव शहराला हात लावला नाही. २००४ च्या दाव्याची चर्चा इथे नको. ते काम वकिलांचे.

आम्हाला बोलायचे आहे ते रोजच्या हक्काबद्दल. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत भाषिक अल्पसंख्याकांबाबत जे ठरले, त्यात दोन आकडे महत्त्वाचे आहेत. तालुक्यात किंवा नगरपालिकेत अल्पसंख्य भाषा बोलणारे पंधरा टक्के असतील तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्या भाषेतही द्यायचे. जिल्ह्यात साठ टक्के असतील तर ती भाषा त्या जिल्ह्यापुरती जादा राजभाषा करायची. आता आपला जिल्हा बघा : खानापूरच्या घाटमाथ्यापासून पार रामदुर्ग-सौंदत्तीच्या काळ्या रानापर्यंत. २०११ साली लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार. या छेदावर साठ टक्के कोणत्या जन्मी होणार? हे गणित समोरच्यांनाही पाठ आहे. १९९७ साली जे. एच. पटेल सरकारने चिकोडी आणि गोकाक हे वेगळे जिल्हे जाहीर केले आणि विरोध होताच निर्णय मागे घेतला. जिल्हा तोडला तर उरलेल्या बेळगावात मराठीचा टक्का चढेल, ही भीती कन्नड संघटनांनी उघड मांडली आहे. त्यांना जे कळते ते आपल्या पुढाऱ्यांना का कळू नये?

शहराची गोष्ट तर आणखी मजेची. जनगणनेच्या भाषेत बेळगाव हे एक गाव नव्हेच. महापालिका हा एक घटक, छावणी हा दुसरा, आणि हिंडलगा, कंग्राळी बुद्रुक यांसारखी गावे म्हणजे ‘जनगणना नगरे’. वस्ती पाच हजार, दर चौरस किलोमीटरला चारशे माणसे, आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी पंचाहत्तर टक्के शेतीबाहेर, एवढे जमले की जनगणनेपुरते गावाचे नगर होते. ग्रामपंचायत तशीच राहते. (बायका शेतात राबतात, त्या या हिशेबात येत नाहीत, हेही जाता जाता.) हे सगळे जोडले की नागरी समूह होतो. २००१ साली महापालिका चार लाखांच्या घरात आणि नागरी समूह पाच लाखांच्या थोडा वर. केंद्राच्या नोकरांचा घरभाडे भत्ता ठरवायला पाच लाखांचा उंबरठा होता. २००८ च्या आदेशात बेळगाव त्या वर्गात बसले ते नागरी समूह म्हणूनच. बँकेची शाखा ग्रामीण, निमशहरी की शहरी, तेही जनगणनेचे केंद्र बघून ठरते : दहा हजार, एक लाख, दहा लाख. म्हणजे पगारासाठी एक छेद, कर्जासाठी दुसरा. सोयीप्रमाणे रेघ हलवता येते, हे सरकारला मान्य आहे. फक्त भाषेचा प्रश्न आला की रेघ दगडाची होते.

२०२७ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च, आणि तिच्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ला प्रशासकीय सीमा गोठवण्याचे ठरले. त्या सीमांवर आता डोके आपटून उपयोग नाही. पण कोष्टके कोणत्या पातळीवर छापायची, हा निर्णय कागदावरचा आहे आणि तिथे भांडता येते. २०११ चे मातृभाषेचे आकडे २०१८ साली हाती आले, तेही तालुक्यापर्यंतचे. निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात होती, नंतर तिचा वेगळा तालुका झाला. म्हणजे निपाणीचा २०२७ चा आकडा जुन्या कशाशी ताडून बघायचा? उत्तर एकच : गाववार आकडे द्या. महसुली गाव हा घटक फारसा हलत नाही. तालुके बदलोत, जिल्हे फुटोत, गावांची बेरीज करून कोणताही छेद कोणालाही मांडता येईल. सगळे पत्ते टेबलावर, मग हिशेब ज्याचा त्याने करावा.

लहान गावात माणूस ओळखू येईल, गुप्तता भंगेल, असा आक्षेप घेतला जाईल. हा आक्षेप आम्हाला पटत नाही. प्रत्येक गावातील अनुसूचित जाती-जमातींची संख्या, साक्षर, कामगार, शून्य ते सहा वयोगटातील मुले, हे सारे गाववार छापले जाते. जातीने माणूस ओळखू येत नाही आणि भाषेने येतो? घरटी नावे कोणी मागत नाही. गावाची एक ओळ मागतो आहोत.

ही मागणी महानिबंधकांकडे लेखी गेली पाहिजे, मोर्च्यातल्या घोषणेतून नव्हे. पत्राचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. सही करायला येताना आपल्या महसुली गावाचे नाव, वाडीवर राहत असाल तर ती कोणत्या गावात मोडते ते, आणि तालुका लिहून आणावा. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर गावाचे जे नाव असेल तेच घ्यावे, बोलीतले नको.