हिशेब मागणे म्हणजे द्रोह नव्हे

एखाद्या चळवळीच्या पुढाऱ्याने पैशाचा गैरव्यवहार केला की आपल्याकडे दोन सूर हमखास उमटतात. एक म्हणतो, “सगळे सारखेच!” आणि बाजूला होतो. दुसरा म्हणतो, “गप्प बसा, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल.” माझ्या मते हे दोन्ही सूर चळवळीला सारखेच मारक आहेत.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली ‘एनएएसीपी’ ही संस्था स्थापन झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या, ते ड्युबॉइस या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. अशा थोर संस्थेवरही नामुष्कीची वेळ आली. एका माजी स्त्री-कर्मचाऱ्याची तक्रार मिटवण्यासाठी संस्थेच्या पैशातून ३,३२,४०० डॉलरपर्यंत देण्याचा करार कार्यकारी संचालक बेंजामिन चेव्हिस यांनी संचालक मंडळाला न सांगता केला होता. १९९४ साली हे उघड झाले आणि ऑगस्टमध्ये मंडळाने त्यांना काढून टाकले. संस्था लक्षावधी डॉलरच्या कर्जात होती. अध्यक्ष विल्यम गिब्सन यांच्या खर्चावरही आरोप झाले; ते त्यांनी नाकारले.

पण सभासद घरी बसले नाहीत. फेब्रुवारी १९९५ च्या वार्षिक सभेत त्यांनी गिब्सन यांच्यावर अविश्वास व्यक्त केला. मग मंडळाच्या मतदानात मर्ली एव्हर्स-विल्यम्स निवडून आल्या. मते किती? ३० विरुद्ध २९! त्यांचे पहिले पती मेडगर एव्हर्स याच संस्थेचे काम करीत असता १९६३ साली घराच्या दारात गोळी लागून पडले होते. संस्थेवर असा हक्क असलेली बाई हिशेबाचा प्रश्न घेऊन उभी राहिली. तिला द्रोही कोण म्हणणार? १९९६ साली क्वैसी म्फूमे यांनी कारभार हाती घेतला आणि पुढे कर्जही फिटले.

यात मला महत्त्वाचे वाटते ते ते एक मत. ते देणारा “सगळे सारखेच” म्हणून निघून गेला असता तर? विश्वास पुन्हा उभा राहतो तो माफीच्या भाषणाने नव्हे, नुसत्या नव्या पुढाऱ्यानेही नव्हे. संस्थेत टिकून राहून प्रश्न विचारणाऱ्यांमुळे तो उभा राहतो.

माझ्या आईने गावातल्या एका समितीला वर्षानुवर्षे वर्गणी दिली. हिशेब कधी वाचला गेला नाही. पैसे गेल्याचे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “आपल्याला काय कळतंय त्यातलं?” आणि तिने जाणे सोडले. तिला वाचता येत नव्हते. मला येते. आमच्या घरातला पहिला कॉलेजात आलेला मुलगा म्हणून शिक्षणाचा एवढा तरी उपयोग मी करायला हवा : पुढच्या सभेला आईला सोबत घेऊन जायचे, आणि हिशेबाचा कागद मोठ्याने वाचायला मागायचा.