आमच्यात, तुमच्यात

शुक्रवारी आमचं लंचचं टेबल जरा उशिराच उठतं. परवा कुणीतरी ‘अलीगढ’ सिनेमाचा विषय काढला. आदल्या रात्री बघितला होता, डोक्यातून जात नव्हता म्हणे. मग अपेक्षेप्रमाणे एकजण म्हणालाच, ‘‘मुस्लिम युनिव्हर्सिटी ना ती? तिथे दुसरं काय होणार!’’ माझ्या शेजारी बसलेला मित्र डब्याचं झाकण लावत होता. तो मुसलमान आहे आणि गे आहे. पहिली गोष्ट टेबलावर सगळ्यांना माहीत आहे, दुसरी फक्त मला. आणि मी माठासारखा त्याच्याकडेच वळून विचारलं, ‘‘तुमच्यात फारच कडक असेल ना रे?’’

‘‘का? तुमच्यात पेढे वाटतात?’’ तो म्हणाला आणि डबा धुवायला निघून गेला.

हा सिनेमा ज्यांच्यावर आहे ते डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस आपल्या नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी वीसेक वर्षं मराठी शिकवलं. कवी होते. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहाला २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. म्हणजे आपल्या टिळक रोडवरच्या परिषदेचा. त्या इमारतीसमोरच्या ट्रॅफिकमध्ये मी कित्येक वर्षं शिव्या घालत थांबलोय, पण सिरस हे नाव मला मनोज बाजपेयीमुळे कळलं. लाज वाटली, खरं सांगतो.

८ फेब्रुवारी २०१०च्या रात्री कॅमेरा घेऊन माणसं सरांच्या कॅम्पसमधल्या घरात घुसली. सर एका रिक्षावाल्यासोबत होते. दोन सज्ञान माणसांमधला खासगी संबंध हा गुन्हा नाही, असं दिल्ली हायकोर्टानं सांगून तेव्हा सात महिने झाले होते. तरी विद्यापीठानं निलंबित केलं ते सरांनाच. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. १ एप्रिलला अलाहाबाद हायकोर्टानं निलंबनाला स्थगिती दिली आणि ७ एप्रिलला भाड्याच्या घरात सरांचा मृतदेह सापडला. आत्महत्या की आणखी काही, त्याचा पक्का उलगडा झालाच नाही.

तो रिक्षावाला मुसलमान होता. त्याचं पुढे काय झालं, हे आमच्या टेबलावर कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता ‘त्यांच्यात असंच’ या मुद्द्याकडे येऊ. २०१६ मध्ये सिनेमा आला तेव्हा अलीगढमध्येच त्याला विरोध झाला. शहराची बदनामी होते म्हणून एक मुस्लिम संघटना पुढे आली आणि भाजपच्या महापौरांनी तिची री ओढली. एरवी पाण्याच्या टाकीवरून भांडणारी माणसं या एका बाबतीत एका सुरात! कोर्टातही तेच. दिल्लीचा निकाल उलटवायला सुप्रीम कोर्टात जे गेले त्यात मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं, ख्रिस्ती संघटना होत्या आणि ज्यांच्या नावानं तो खटला ओळखला जातो ते सुरेशकुमार कौशल हे ज्योतिषी. शाळेत निबंधात लिहायचो तो सर्वधर्मसमभाव मला इथे पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसला. ११ डिसेंबर २०१३ला ते जिंकले. ६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टानंच ती चूक दुरुस्त केली.

आणि हे ३७७ कलम मुळात कुणाचं? मौलवींचं नाही, पंडितांचंही नाही. १८६०च्या इंग्रजांच्या दंडसंहितेतलं. गंमत म्हणजे त्याच्या दोनच वर्षं आधी, १८५८ मध्ये, खलिफाच्या ऑटोमन साम्राज्यानं जी नवी दंडसंहिता केली, तिच्यात खासगीतल्या अशा संबंधांना शिक्षाच ठेवली नव्हती. म्हणून सगळं गोडगोड आहे असं मी म्हणत नाही. इराण, सौदीत आजही कायद्यात मृत्युदंड आहे. तुर्कस्तानात गुन्हा नाही, पण इस्तंबूलच्या प्राइड मोर्च्यावर २०१५ पासून बंदी आहे. ‘मुस्लिम समाज’ असा एकच डबा घेतला की त्यात काहीही भरता येतं.

आपल्या जवळच बघा. अठराव्या शतकात औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सिराज औरंगाबादी नावाचा सूफी शायर होऊन गेला. त्याची एक गझल आबिदा परवीननं गायलीय, तुमच्या प्लेलिस्टमध्ये असेलही. त्याच सिराजच्या ‘बोस्तान-ए-खयाल’ या दीर्घकाव्यात झुरणारा पुरुष आहे आणि ज्याच्यासाठी झुरतो तोही पुरुषच. त्या काळी मशिदी नव्हत्या की काझी नव्हते? सगळं होतं. पाप आहे असं सांगणारेही होते. पण लोक मुशायऱ्यात त्याला दाद द्यायचे आणि काझीच्या पुढे मान तुकवायचे. दोन्ही एकाच गावात चालायचं.

हे मी मित्राला ऐकवलं, जरा प्रायश्चित्त म्हणूनच. संध्याकाळी पार्किंगमध्ये, त्याच्या बाइकवर टेकून. तो म्हणाला, ‘‘शायरीत चालतं रे. शायरीत पत्रिका छापायची नसते.’’

मग बराच वेळ बोलला. (विचारून लिहितोय. ‘अम्मी मराठी वाचत नाही, पण बाजी वाचते, तेव्हा खाणाखुणा बदल,’ ही अट होती. बदलल्यात.) घरी माहीत आहे का, या माझ्या प्रश्नावर तो म्हणाला, ‘‘कुणी विचारत नाही. विचारलं तर माहीत होईल ना!’’ सात वर्षं तो आणि त्याचा साताऱ्याचा पार्टनर एकत्र राहतात. घर शोधताना कोथरूडमध्ये एजंटनं आधी आडनाव विचारलं आणि मग फोन उचलणंच बंद केलं. शेवटी कोंढव्याकडे मिळालं. तिथे आडनावाची अडचण नाही, बाकी सगळी आहे. दोन मुलगे एकत्र राहतात याचं सोसायटीला उलट बरंच वाटतं, ‘मुलीबिली आणत नाहीत’ म्हणून!

नमाजाचं काय, असं मी विचारलं. ‘‘जुम्म्याला जातो. मला कुणी सांगितलं नाही की दोन्हीतलं एक निवड. तुम्ही लोकच सारखं विचारता.’’ यातलं ‘तुम्ही लोक’ मला जरा लागलं. लागायलाच हवं होतं.

पुण्यात मदत नाही असं नाही. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये इथे समपथिक ट्रस्ट सुरू केला, २०११ पासून प्राइड मोर्चा निघतो. तो एकदा गेला होता, फुटपाथवरून सोबत चालला. रस्त्यावर उतरला नाही. फोटोत दिसलो असतो, म्हणाला.

ईदला मी त्याच्या घरी जातो. पार्टनरही असतो, ‘रूममेट’ म्हणून. अम्मी निघताना शिरखुर्म्याचे दोन डबे भरते, एक मला आणि एक त्या दोघांना. या वेळी तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. सोलापूरचं स्थळ आहे, मुलगी फार्मसी झालेली आहे, हा ऐकत नाही, बेटा तूच समजाव त्याला.

पार्किंगमध्ये त्याला सांगितलं. हसला. गेल्या पाच वर्षांत त्यानं प्रमोशन, ऑनसाइट, होम लोन अशी सगळी कारणं वापरून संपवलीत. ‘‘एखादवेळी हो म्हणून टाकीन,’’ म्हणाला. ‘‘आमच्या गल्लीत दोघांनी म्हटलंय. पोरंबाळं आहेत त्यांना.’’

‘‘आणि त्या मुलीचं काय?’’

त्यानं हेल्मेट घातलं.

काल रात्री अम्मीनं मला त्या मुलीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप केलाय. निळा ड्रेस, हातात सर्टिफिकेट. खाली लिहिलंय, ‘बात की क्या?’ मी नोटिफिकेशनवरच वाचलं. मेसेज अजून उघडलेला नाही.